पहिली मुडदुशी: वाळूवरून गरवायला शिकताना

दसरा झाला, समुद्राचा गढूळपणा खाली बसला की रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर नवे लोक गरवायला, म्हणजे गळानं मासे पकडायला, यायला लागतात. हातात कोरी करकरीत रॉड, तिला गुंडाळलेली जाड तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, आणि टोकाला करंगळीएवढी गरी, म्हणजे गळ. थोडा वेळ इकडेतिकडे बघतात आणि मग जवळ येऊन विचारतात, "इथे जिताडा लागतो का? तांबोशी?"

लागतो. काजळी नदी भाट्याजवळ समुद्राला मिळते, आणि अशा खाडीच्या तोंडाशी दोन्ही मासे असतात. पण ज्यानं आयुष्यात एकही मासा गरीवर घेतलेला नाही, त्यानं जिताड्यापासून सुरुवात करू नये, असं माझं ठाम मत आहे. जिताड्यासाठी दहा-दहा फेऱ्या कोरड्या जातात. त्या दहा फेऱ्यांत शिकायला काहीच मिळत नाही, कारण तंगुशीच्या पलीकडून कुणी काही बोललेलंच नसतं. मी माझा पहिला मोसम असाच घालवला. दुकानात मिळाली तेवढी जड रॉड घेतली, पन्नास ग्रॅमचं शिसं लावलं आणि पौष संपेपर्यंत संध्याकाळी घरी रिकामी पिशवी आणली. नवशिक्याला मोठा मासा नको असतो. त्याला हवी असते टोच, म्हणजे माशानं आमिषाला तोंड लावल्याचा धक्का, आणि तीही पुन्हा पुन्हा.

ती देणारा मासा म्हणजे मुडदुशी. गुडघाभर पाण्यात येते, दिवसाउजेडी खाते, हलक्या सामानावर लागते आणि आमिषाला तोंड लावलं की स्पष्ट कळवते. तिच्याकडून वाळू वाचायला शिकलात की पुढे तांबोशीच्या खडकापर्यंत आपोआप पोचाल. म्हणून हा लेख फक्त तिच्याबद्दल आहे.

आधी ती कोण ते बघा

बाजारात मुडदुशी ओळखायला सोपी. वीतभर लांब, गोलसर सडपातळ अंग, निमुळतं तोंड. पाठ अगदी ओल्या वाळूच्या रंगाची आणि कुशीवर चंदेरी पट्टा. तोंडाचा आकार मात्र नीट बघून ठेवा. ते लहान असतं आणि थोडं खालच्या बाजूला असतं, कारण ही वरून झडप घालणारी मासळी नाही. ती वाळूत तोंड खुपसून किडे, बारीक कोळंबी, लहान खेकडे उकरून खाते. घाबरली की पळण्याऐवजी पुष्कळदा वाळूतच घुसते, आणि ओढत्या जाळ्याच्या खालून सुटते. साधारण वीतभराची सापडते. फुटाएवढी लागली तर ती मोठीच समजा.

मुंबईच्या बाजारात तिला नगलीही म्हणतात, हॉटेलच्या कार्डावर ती 'लेडी फिश' होते, गोव्यात मुड्डोशी आणि मंगळूरकडे काणे. शास्त्रीय नाव सिलॅगो सिहामा. त्यातलं 'सिहामा' हे नाव देणारा पेटर फोर्स्कोल डेन्मार्कच्या राजानं अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेतला निसर्ग-अभ्यासक होता. तांबड्या समुद्राकाठी मासे टिपून घेताघेता 1763 मध्ये तो येमेनमध्येच तापानं गेला. त्याचा सहकारी कार्स्टन नीबूर तेवढा वाचला. तो पुढे मुंबईला आला, घारापुरीच्या लेण्यांची मोजमापं आणि चित्रं केली, आणि मायदेशी परतल्यावर 1775 मध्ये फोर्स्कोलची टिपणं छापून आणली. मुडदुशीचं शास्त्रीय वर्णन त्याच पुस्तकात पहिल्यांदा आलं. आपल्या ताटातल्या माशाची नोंद करून ठेवणाऱ्या त्या माणसाची मला अनेकदा आठवण होते.

दिवस कोणता धरायचा

मोसम म्हणाल तर दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला म्हणून लगेच वाळूवर उतरू नका. होड्या तेव्हा बाहेर पडतात हे खरं, पण किनाऱ्याची लाट अजून अंगावर येणारी असते आणि पाणी चहासारखं असतं. जून-जुलैत तर किनाऱ्यावरूनही नको. त्या दोन महिन्यांत यांत्रिक नौकांना बंदी असते. हातातल्या गरीला ती लागू नसली तरी पावसाळी लाटेला कसली सूट ठाऊक नाही.

भरतीची वेळ मोबाइलवर मिळते, पण आपल्याकडचा जुना हिशेब शिकून घ्या. कॅलेंडरकडे नजर टाकली की काम होतं. तिथीची पाऊणपट करायची. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच, आणि पहाटेची भरती मोजली की दुपारनंतरची साधारण साडेबारा तासांनी येते. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब मिनिटाला मिनिट जुळत नाही. तळकोकणात पाणी मुंबईच्या थोडं आधी चढतं. किनाऱ्यावर अर्धा-पाऊण तास आधी पोचलात की पुरे.

मुडदुशी चढत्या पाण्याबरोबर किनाऱ्याकडे येते. ओहोटीत उघडी पडलेली वाळू पुन्हा बुडायला लागली की त्यातले किडे बाहेर येतात आणि त्यांच्या मागे ही. म्हणजे आपल्याला हवी सकाळची चढती भरती: फटफटायला लागल्यावर पाणी अर्धं आलेलं आणि आठ-नऊला पूर्ण भरलेलं. हिशेब मांडून बघा, एकादशी, द्वादशी, त्रयोदशीला हे बरोबर जमतं. एकादशीचा उपास असेल तर द्वादशी धरा, म्हणजे पारण्यालाच मासा होईल, अर्थात घरच्यांना ते चालत असेल तर.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचं उधाण सुरुवातीला टाळा. पाणी फार जोरात सरकतं, शिसं वाहत जातं, आणि तंगुशीला शेवाळ गुंडाळून येतं. अष्टमीच्या आगेमागे भांगाचं पाणी असतं, ते संथ. हात बसवायला चांगलं, पण मासा थोडा सुस्त. द्वादशी या दोहोंच्या मधली म्हणून मला आवडते.

सामान: जेवढं हलकं तेवढं चांगलं

आठ ते नऊ फुटांची हलकी रॉड, जिचं टोक बोटानं दाबलं तर सहज वाकेल. त्यावर 2500 मापाचं साधं स्पिनिंग रीळ. त्यात सहा ते आठ पौंडांचा ताण सोसणारी तंगूस. महागडी विणलेली दोरी नको. ती ताणत नाही, आणि मुडदुशीच्या मऊ ओठातून गरी सुटून जाते. साधी नायलॉनची तंगूस थोडी लवचिक असते, तो लवचिकपणाच इथे कामाला येतो.

रॉडशिवायही चालतं. तंगूस एका बाटलीवर किंवा लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळायची, पुढे शिसं आणि गरी. हातानं गरगर फिरवून सोडायची. राजिवड्याच्या मच्छीमार वस्तीतली पोरं अशाच हातदोरीवर माझ्या दुप्पट मासे काढतात. पैसे घालण्याआधी महिनाभर हातदोरीवर गरवून बघा. आवड टिकली तर रॉड घ्या.

गरी लहान हवी. 8 किंवा 10 नंबरची. आकडा वाढतो तशी गरी लहान होते, हे दुकानात लक्षात ठेवा, नाहीतर 2 नंबरची हातात पडेल. दांडी लांब असलेली गरी घ्या, सोडवायला सोपी जाते. घरीच पक्कडीनं गरीच्या टोकामागचा उलटा काटा दाबून टाका. मासा सोडवायला सोपं, आणि कधी ती आपल्याच बोटात घुसली तर फार उपयोगी.

शिसं पंधरा ते पंचवीस ग्रॅम, मधून आरपार भोक असलेलं. शिवाय पितळी स्विव्हल (दोन टोकांना गरगर फिरणाऱ्या कड्या असलेला जोड), दोन-चार प्लास्टिकचे मणी, छोटी कात्री, लांब तोंडाची पक्कड, जुना टॉवेल, आणि झाकणाचा डबा त्यात बर्फ. बर्फ विसरू नका. नवशिके सगळं आणतात आणि बर्फ विसरतात.

जुळणी अशी करायची. रिळाची तंगूस आधी शिशाच्या भोकातून ओवा, मग मणी ओवा, मग ती स्विव्हलच्या एका कडीला बांधा. दुसऱ्या कडीला हातभर, म्हणजे साधारण पन्नास सेंटिमीटर तंगूस, आणि तिच्या टोकाला गरी. शिसं स्विव्हलपर्यंत येऊन अडतं पण मागे मोकळं सरकतं. मासा आमिष उचलतो तेव्हा तंगूस शिशातून घसरते, त्याला वजन लागत नाही, आणि तुम्हाला मात्र प्रत्येक धक्का थेट मिळतो.

गाठ एकच शिका, पण नीट. टोक गरीच्या डोळ्यातून घाला, मुख्य तंगुशीभोवती पाच वेढे द्या, टोक परत आणून डोळ्याजवळच्या पहिल्या फाशातून काढा. आता ओढण्याआधी गाठ तोंडात घालून थुंकीनं ओली करा आणि मग सावकाश आवळा. कोरडी आवळली तर घर्षणानं तंगूस आतून भाजते आणि पहिल्याच चांगल्या माशाला तुटते. घरी टीव्हीसमोर बसून वीस वेळा बांधा. पहाटेच्या अंधारात, ओल्या हातांनी ती शिकता येत नाही.

आमिष

आदल्या संध्याकाळी बाजारातून मूठभर मध्यम कोळंबी आणा. स्वस्तातली चालेल, वास येणारी चालणार नाही. सोलून शेंगदाण्याएवढे तुकडे करा, मीठ चोळून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. मिठानं मांस घट्ट होतं, लाटेत गरीवरून निसटत नाही. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, मांस त्याहून चिवट. पण सर्वांत चांगलं आमिष वाळूतले लांबट किडे. खाडीकडच्या चिखलट वाळूत ओहोटीला वाळूच्या शेवयांसारखी बारीक वेटोळी दिसतात. तिथे खुरप्यानं वीतभर खणलं की सापडतात. लागतील तेवढेच, दहा-बारा काढा आणि खड्डा बुजवा.

गरीला आमिष लावताना हात आवरा. मुडदुशीचं तोंड लहान आहे हे मघाशी सांगितलं, ते इथे कामाला येतं. तुकडा गरीच्या वाकावरून सरळ ओवा, टोक किंचित बाहेर ठेवा, खाली लोंबणारी शेपटी कात्रीनं छाटा. लोंबतं आमिष ती टोकाकडून कुरतडून नेते आणि तुम्ही रिकामी गरी धरून उभे राहता.

किनारा वाचणं

हा भाग सावकाश वाचा, कारण निम्मे मासे इथेच मिळतात.

गरवायच्या आदल्या दिवशी पूर्ण ओहोटीला हात हलवत किनाऱ्यावर जा. सपाट वाटणारी वाळू तेव्हा उघडी पडते आणि ती सपाट नसते हे कळतं. किनाऱ्याला समांतर चर दिसतील, त्यांत पाणी साचलेलं असेल. त्यापलीकडे वाळूचा उंच बांध, आणि कुठेतरी तो बांध फुटून पाणी समुद्राकडे वाहून जाणारी वाट. चर कुठे आहे, तो सुरूच्या कोणत्या झाडासमोर येतो, हे मनात धरा किंवा फोटो काढा. भरती चढल्यावर हे सगळं पाण्याखाली जाईल, पण मुडदुशी त्याच चरातून फिरेल, कारण लाटेनं उकरलेले किडे तिथेच जमतात.

पाणी आल्यावर हीच रचना वरून ओळखायची असते. लाट जिथे फुटून पांढरी होते तिथे उथळ बांध आहे. ती पुन्हा शांत होऊन गडद होते तिथे चर. तुमचं शिसं त्या पांढऱ्या आणि गडद पाण्याच्या सीमेवर पडायला हवं. बहुतेक वेळा हे अंतर किनाऱ्यापासून वीस-पंचवीस मीटरच असतं. नवशिके पूर्ण ताकदीनं लांब फेकतात आणि मासे त्यांच्या गरीच्या अलीकडे, जवळजवळ पायाशी चरत असतात.

एक इशारा इथेच देतो, कारण तो याच वाचनाचा भाग आहे. बांध फुटून पाणी बाहेर जाणारी ती वाट वरून सर्वांत शांत दिसते. तिथे लाट फुटत नाही, पाणी काळसर आणि गुळगुळीत असतं. परगावचे लोक नेमके तिथेच पोहायला उतरतात, आणि तीच ओढ माणसाला आत नेते. तिच्या कडेला गरी टाका, मासा असतो. पाय मात्र घालू नका. मुलं बरोबर असतील तर त्यांना आधी ती जागा बोटानं दाखवा. कुणी सापडलंच तर ओढीशी झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हायचं आणि मग लाटेबरोबर आत यायचं.

टाकणं आणि ऐकणं

टाकण्याआधी मागे बघा. प्रत्येक वेळी बघा. पंचवीस ग्रॅम शिसं आणि गरी कुणाच्या चेहऱ्यावर गेली तर काय होईल ते सांगायची गरज नाही.

गरी पडली, शिसं तळाला बसलं, की रीळ फिरवून ढील काढून घ्या. तंगूस ताठ हवी, पण शिसं हलेल इतकी नको. मी पहिल्यांदा रॉडच्या टोकाकडे बघत बसायचो. एका सकाळी राजिवड्याचे एक वयस्कर चाचा शेजारी हातदोरी टाकून उभे होते. तासाभरात त्यांच्या टोपलीत सात मुडदुशा, माझ्याकडे शून्य. त्यांनी माझा हात धरला, तर्जनीच्या पहिल्या पेरावरून तंगूस घेतली आणि म्हणाले, "डोळं मिट. बगू नको, बोटाक काय लागतं ता सांग."

मिटले. आधी लाटेची ओढ कळली. ती लांब आणि मंद, आली तशी जाणारी. मग शिसं वाळूवरून घसरल्याची खरखर. मग काहीतरी जड, एका जागी चिकटल्यासारखं. "कुर्ली हा," चाचा म्हणाले, "बसलीय आमिषावर." आणि मग ते आलं. टक-टक. दारावर नखानं वाजवावं तसं, दोनदा, भरभर. हात आपोआप वर गेला आणि तंगूस जिवंत झाली. ती थरथर खांद्यापर्यंत आली होती. मासा जेमतेम वीतभराचा होता. त्यानंतर मी पुष्कळ मोठे मासे काढले, पण बोटाच्या पेरावर आलेली ती टक-टक अजून तिथेच आहे असं वाटतं. गरवण्याचं सुख काय असतं असं कुणी विचारलं की मी त्याला तंगूस बोटावर धरायला देतो.

मघाशी हात "आपोआप वर गेला" म्हटलं, पण जोरात हिसका द्यायचा नाही. मऊ ओठ फाटतो. नुसतं मनगट उचला, तंगूस ताठ झाली की गरी बसलेलीच असते. टक-टक झाली आणि पुढे काही नाही, तर घाई करून ओढून घेऊ नका. रिळाचा एक फेरा मारा, थांबा. वाळूवरून आमिष थोडं सरकलं, बारीकसा धुरळा उडाला की ती परत येते. खरं तर टोच नसतानाही हेच करत राहायचं: एक फेरा, पाच-सात श्वास थांबणं, पुन्हा एक फेरा. एका जागी पडलेली गरी खेकड्यांच्या वाट्याला जाते.

आणि एक लागली की तिथेच पुन्हा टाका. मुडदुश्या घोळक्यानं फिरतात. मासा सोडवून, नवं आमिष लावून दोन मिनिटांत गरी परत त्याच जागी पडली तर दुसरी, तिसरी मिळते. रमतगमत फोटो काढलेत तर घोळका पुढे जातो. पंधरा मिनिटं काहीच नाही तर तीस पावलं चालून पुढच्या चरावर जा. ऊन वर आलं, पाणी नितळ झालं की ती खोलात सरकते. साडेनऊ-दहानंतर मी आवरतो.

मासा किनाऱ्याशी आला की लाटेशी भांडू नका. लाट परत जाताना ढील न देता नुसतं धरून ठेवा, पुढची लाट येईल तिच्याबरोबर त्याला ओल्या वाळूवर घ्या. हात ओला करून धरा. पाठीवरचा पुढचा पर काटेरी असतो, विषारी नाही पण टोचतो. त्यावरून डोक्याकडून शेपटीकडे हात नेला की तो मिटतो. गरी खोल गिळली असेल तर आतडं ओढून काढू नका. मासा ठेवायचा नसेल तर तंगूस तोंडाशी कापा आणि सोडा.

कोणता सोडायचा? माझं माप माझ्या हाताची वीत. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत भरत नसेल तर परत पाण्यात. तिला निदान एकदा अंडी घालू द्या. आणि घरात माणसं किती ते मोजून थांबा. चार माणसांना दहा-बारा मुडदुशा पुष्कळ होतात.

गरीला दुसरंच कुणी लागलं तर

वाळूत एकटी मुडदुशीच राहत नाही. शिंगाळा लागेल. ओढ जड आणि हट्टी, मिशा लांब. त्याच्या पाठीवरचा एक आणि कुशीवरचे दोन काटे करवतीसारखे दातेरी आणि विषारी असतात. हातानं धरू नका, टॉवेलनं दाबा आणि पक्कडीनं गरी काढा, नाहीतर सरळ तंगूस कापा. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा. वेदना उतरते. मग डॉक्टरकडे जा, कारण काट्याचा तुकडा आत राहतो आणि जखम चिघळते.

गरी स्वच्छ कापून गेली, तंगुशीचं टोक कात्रीनं छाटल्यासारखं दिसलं, तर तो केंड. वर आला की पोटात हवा भरून चेंडू होतो. मुलांना त्याची गंमत वाटते, पण त्याचे दात बोट तोडतील असे आणि त्याचं विष शिजवूनही जात नाही. खाण्याचा प्रश्नच नाही. मांजरालाही घालू नका.

पाण्यात उभं राहून टाकत असाल तर पाय उचलून चालू नका, वाळूवरून घासत सरकवा. वाळूत पाकट निजलेलं असतं. पायाचा धक्का लागला की ते निघून जातं, पण पाय वर पडला तर शेपटीचा काटा मारतं. त्यालाही गरम पाण्याचाच पहिला उपाय. आणि चपट्या शेपटीचा साप किनाऱ्यावर पडलेला दिसला, अगदी मेल्यासारखा असला, तरी हात लावू नका. समुद्रसाप जहाल विषारी असतात.

किनारा दुसऱ्यांचाही आहे

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली जात असेल तर आपली गरी गुंडाळा आणि लांब व्हा. दोरीला हात लावून मदत केलीत तर उत्तमच. ज्यांच्या घरची चूल या पाण्यावर चालते त्यांचा मान पहिला. आपला तो आनंद आहे, त्यांचं ते पोट आहे. मालवणला गरवायचा विचार असेल तर आधी चौकशी करा. तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या गाभाक्षेत्रात मासे मारायचे नसतात. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं रात्री अंडी घालायला येतात. तिथे रात्री बॅटऱ्या घेऊन फिरू नका.

आणि तंगूस. तुटलेली, गुंतलेली, हातभर का असेना, किनाऱ्यावर टाकायची नाही. ती कुजत नाही. मी एकदा एका पाणपक्ष्याच्या पायातून अशी तंगूस कापून काढली. कातडीत रुतून पाय काळा पडला होता. त्या दिवसापासून खिशात एक रिकामी डबी असते. माझी आणि वाटेत सापडेल ती दुसऱ्याची तंगूस तिच्यात जाते, आणि घरी येऊन बारीक कापल्यावरच कचऱ्यात.

घरी आल्यावर

मासा लागल्या क्षणापासून वेळ मोजला जातो. मुडदुशीचं मांस नाजूक, उन्हात तासाभरात मऊ पडतं. लागली की लगेच बर्फात, बादलीतल्या कोमट पाण्यात नाही. घरी पोचल्यावर आधी मासे, मग आंघोळ. खवले चाकूच्या पाठीनं शेपटीकडून डोक्याकडे काढा, ते बारीक असतात आणि स्वयंपाकघरभर उडतात, म्हणून पाण्याखाली काढलेले बरे. पोट चिरून आतली काळी पातळ त्वचा बोटानं घासून काढा. ती राहिली तर कडवट लागतं.

मग रीळ. गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली धुऊन, पुसून, सावलीत वाळवा. एकदा न धुता ठेवलंत तर पुढच्या द्वादशीला त्याचा आवाज पवनचक्कीसारखा येईल. गऱ्याही धुऊन कोरड्या करा, त्या गंजायला दोन दिवस पुरतात.

माशांना मीठ, हळद, लाल तिखट, आलं-लसूण आणि कोकमाचं आगळ लावून वीस मिनिटं ठेवा. आगळ बेतानं, ही मासळी सौम्य आहे. रव्यात थोडं तांदळाचं पीठ मिसळून त्यात घोळवा आणि बिडाच्या तव्यावर मध्यम आचेवर तळा. एक बाजू पूर्ण सुटेपर्यंत उलटवू नका, तेही घाईनं बिघडतं. मधला काटा एका ओढीत निघतो, म्हणून लहान मुलांना पहिला मासा हाच देतात. डोकी टाकू नका. ती खोबऱ्याच्या वाटणात, दोन-चार तिरफळं ठेचून, पातळ आमटीत घाला आणि वर गरम भात वाढा.